सेल झकास फिरतो, पण गाडी लगेच उचलत नाही: फ्युएल प्रेशर नक्की जातंय कुठे?

अर्धी_चावी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल, १२०० सीसी, चार सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर). रनिंग ९४ हजार किमी. रोग एकच. बंद करून थोडा वेळ उभी राहिली की पुढच्या वेळी सेल मारत बसावं लागतं. स्टार्टर जोरात फिरतो, आवाजात मरगळ नाही, पण इंजिन पकडायला ६-७ सेकंद घेतं. पकडलं की दोन-तीन सेकंद खोकतं आणि मग जणू काही झालंच नव्हतं. चढावर ओढ आहे, पिकअप आहे, चेक इंजिनचा दिवा कधी लागलेला नाही.

आतापर्यंतचे उपचार: बॅटरी नवी, प्लग नवे, थ्रॉटल बॉडी साफ. शेवटी मेकॅनिकने "पंपातला व्हॉल्व्ह गेलाय, प्रेशर टाकीत परत जातं" असं सांगून टाकीतला अख्खा पंप बदलला. दोन दिवस बरं वाटलं. म्हणजे मला वाटलं, गाडीला नाही. आता तो म्हणतो ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उघडून बघू. ईसीयू हा शब्द ऐकला आणि मी चावी उचलून निघालो.

पार्ट बदलत बसण्याऐवजी आधी रोग पकडायचा असेल तर सुरुवात कुठून करू? पाना-स्क्रूड्रायव्हर हातात धरता येतो, गेज आणायची तयारी आहे.

गंजलेला_बोल्ट

बॅटरीचं अर्थिंग बघितलं का? माझ्याकडे हुबेहूब असंच होत होतं.

अर्धी_चावी

बघितलं. सेल मारताना व्होल्टेज १०.४ च्या खाली जात नाही.

पाना_दहा_अकरा

मग बॅटरी सोडून द्या. दोन तक्रारी लोक नेहमी एकात कालवतात. सेल *हळू* फिरणं वेगळं आणि सेल *जास्त वेळ* मारावा लागणं वेगळं. पहिल्यात बॅटरी, केबल, स्टार्टर. दुसऱ्यात इंजिन व्यवस्थित फिरतंय, पण त्याला पेट्रोल, ठिणगी किंवा ईसीयूला लागणारा सिग्नल यातलं काहीतरी उशिरा मिळतंय. तुमची दुसरी.

गेज आणायच्या आधी एक फुकटची परीक्षा करा. चावी ऑनवर आणा, सेल मारू नका. मागच्या सीटखालून पंपाचा गुंईऽऽ आवाज येईल, दोन-तीन सेकंदांनी थांबेल. चावी बंद. पुन्हा ऑन, पुन्हा थांबू द्या. असं तीनदा करा आणि मग सेल मारा. एका झटक्यात चालू झाली तर रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरलेलं होतं असं समजायला हरकत नाही. तरीही ६ सेकंदच लागले तर प्रेशरचा संशय थोडा बाजूला ठेवू.

ही परीक्षा दोन वेळा करायची. एकदा रात्रभर उभी राहिल्यावर आणि एकदा गरम इंजिन बंद करून अर्ध्या तासाने. दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा. "करून बघितलं, फरक नाही" असं मोघम लिहिलंत तर मी उत्तर देणार नाही.

निळी_ठिणगी

पानाकाकांच्या यादीत एक जोडते. गरम असताना करायची परीक्षा: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून ठेवा आणि सेल मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर सेल मारताना ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो, म्हणजे नुसती हवा आत जाते. इंजिनात पेट्रोल आधीच जास्त झालं असेल तर ते असं बाहेर निघतं आणि गाडी पकडते. पेट्रोल कमी पडत असेल तर या युक्तीने उलट अजिबात पकडणार नाही.

आणि चालू होताना मागून काळा भपका किंवा पेट्रोलचा वास येतो का, हे कुणाला तरी मागे उभं करून बघा.

जुगाडू

एवढं कशाला? पंपाच्या पुढे लाइनमध्ये एक वन-वे व्हॉल्व्ह टाका. प्रेशर मागे जाणारच नाही. मी टाकलाय, एका सेकंदात स्टार्ट.

पाना_दहा_अकरा

जुगाडूभाऊ, प्रेशर *मागेच* जातंय हे ठरलं कधी? ते पुढेही जाऊ शकतं. त्यावर नंतर येतो.

जुनं_ते_सोनं

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. गाडी बंद केल्यावरही लाइनमध्ये प्रेशर टिकलं पाहिजे, ही गरज इंजेक्शन आल्यापासूनची आहे. १९७३ मध्ये आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक या इंजेक्शन यंत्रणेत यासाठी वेगळा अ‍ॅक्युम्युलेटरच होता. स्प्रिंग आणि पडदा असलेला डबा, इंजिन बंद झालं की लाइनवर दाब धरून ठेवणारा. कारण सोपं आहे. पेट्रोल म्हणजे एक द्रव नाही, अनेकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक उघड्यावर ३५-४० अंशालाच उकळायला लागतात. गाडी थांबली की पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो आणि बॉनेटखालचं तापमान पहिली काही मिनिटं *चढतं*. रेल तर इंजिनाच्या डोक्यावरच बसलेली. दाब असेल तर पेट्रोल द्रव राहतं. दाब गेला की रेलमध्ये वाफ होते, आणि इंजेक्टर उघडला की पेट्रोलऐवजी फुसकी वाफ बाहेर पडते.

म्हणून माझं मत: हा गरम इंजिनाचा व्हेपर लॉक.

निळी_ठिणगी

वाफ होते हे मान्य, पण इंजेक्शनच्या गाडीत बहुतेक वेळा वाफ हा *परिणाम* असतो. लाइनमध्ये दाब टिकला असता तर वाफ झालीच नसती. तेव्हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो: दाब का गेला?

अर्धी_चावी

दोन दिवस परीक्षा केल्या. निकाल:

सकाळी, रात्रभर उभी. थेट सेल मारला तर ४ सेकंद. दुसऱ्या दिवशी तीनदा चावी ऑन-ऑफ करून मारला तर अर्ध्या सेकंदात चालू.

गरम, ३० मिनिटांनी. थेट सेल मारला तर ७ सेकंद. चावी तीनदा ऑन-ऑफ केल्यावर ९ सेकंद! म्हणजे *वाढले*. दोनदा करून बघितलं. पेडल पूर्ण दाबून मारला तर दीड-दोन सेकंदांत पकडली, खोकत खोकत. भावाला मागे उभं केलं होतं. तो म्हणाला, काळपट धूर आणि डोळ्यांना झोंबेल असा पेट्रोलचा वास.

आता मी जास्तच गोंधळलोय. सकाळी पेट्रोल कमी आणि दुपारी जास्त?

पाना_दहा_अकरा

गोंधळू नका, याच्याइतकी बोलकी उत्तरं क्वचित मिळतात.

सकाळी रेल रिकामी झाल्यासारखी आहे. पंपाने तीनदा दाब भरला आणि गाडी उचलली. म्हणजे दाब जातोय हे नक्की. गरम असताना तोच दाब पुन्हा पुन्हा भरला तर त्रास वाढला, आणि हवा दिल्यावर उचलली. म्हणजे जो दाब जातोय तो टाकीकडे जात नाही, *इंजिनात* जातोय. पंप तीनदा चालवलात तेव्हा गळक्या इंजेक्टरला तीनदा खुराक दिलात.

सकाळपर्यंत ते गळलेलं पेट्रोल उडून जातं, काही रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून सकाळी फक्त दाब नसल्याचा त्रास, जास्त पेट्रोलचा नाही.

हा अजून अंदाज आहे. इंजेक्टर ऑर्डर करायला धावू नका. पंप असाच धावत जाऊन बदलला होता ना?

गंजलेला_बोल्ट

पण काका, रेलमध्ये पेट्रोल असतं किती? दाब उतरायला दोन-चार थेंब पुरतात. तेवढ्याने इंजिन फ्लड कसं होईल, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन गुदमरेल कसं?

निळी_ठिणगी

प्रश्न चांगला आहे, हिशोबच करू. १२०० सीसीचे चार सिलिंडर म्हणजे प्रत्येकी ३०० सीसी. एका वेळी पूर्ण भरली तरी हवा साधारण ०.३५ ग्रॅम. १४.७ ला १ या प्रमाणात तिला लागणारं पेट्रोल सुमारे २४ मिलिग्रॅम. आता १ मिली पेट्रोलचं वजन साधारण ७४० मिलिग्रॅम. म्हणजे २० थेंब, जेमतेम १ मिली, हे एका सिलिंडरच्या तीस भरण्यांइतकं झालं. आणि ते व्हॉल्व्हच्या तोंडाशी पडून राहत नाही. गरम मॅनिफोल्डमध्ये त्याची वाफ होऊन ती चारही सिलिंडरांना पोचते.

शिवाय गरम रेलमधलं पेट्रोल प्रसरण पावतं, वाफ धरतं आणि आतून ढकलत राहतं. गेजवर दाब जवळपास शून्य दिसत असतानाही गळक्या टोकातून थोडं थोडं येत राहतं. थंड इंजिनात हे ढकलणारं कुणी नसतं.

पर्ज_वाला

पेट्रोल भरल्यावर लगेचच त्रास होतो का? असेल तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय.

अर्धी_चावी

नाही, पंपावरून भरून लगेच काढली तर काही होत नाही. गेज आणतोय.

पाना_दहा_अकरा

गेज लावण्याआधी. इंजिन थंड. पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा, आपोआप बंद पडेल, म्हणजे लाइनमधला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. जोड सोडताना खाली जाड फडकं. अग्निशामक हाताशी, डिकीत नाही, *हाताशी*. आजूबाजूला बल्बचा दिवा नको, मोबाइलचा टॉर्च पुरे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवर पसरत जाते. खाली कुठे हीटर, मोटार चालू असेल तर तीच आधी पेटवेल. हे मी सवयीने लिहित नाहीये, एकदा भुवया गेल्यात.

अर्धी_चावी

गेज लागला! रेलवर गेज लावायला टायरसारखा व्हॉल्व्ह नाही, म्हणून क्विक कनेक्टरमध्ये टी टाकून लावला. थंड इंजिन.

चावी ऑन: ३.८ बार. चावी बंद.
२ मिनिटं: २.९
५ मिनिटं: १.७
१० मिनिटं: ०.६

मॅन्युअलमध्ये ३.५ ते ४ बार लिहिलंय, म्हणजे पंप ताकद देतोय. पण दहा मिनिटांत सगळं साफ. सापडला ना चोर?

पाना_दहा_अकरा

इतक्या भराभर? इंजेक्टर इतका गळत असता तर गाडी चालतानाही मिस मारली असती. टीच्या जोडाखाली बोट फिरवा.

अर्धी_चावी

…बोट ओलं.

पाना_दहा_अकरा

गेजच गळतोय. हा प्रकार मी इतक्या वेळा बघितलाय की आता गेज लावला की आधी टिश्यू पेपर गुंडाळतो. जोडावर एक डाग दिसला की रीडिंग रद्द. वॉशर बदला, पुन्हा घ्या.

अर्धी_चावी

वॉशर बदलला, टिश्यू कोरडा. नवीन रीडिंग:

थंड: ३.८, ५ मिनिटांनी ३.१, १० ला २.४, २० ला १.२.
गरम: ३.८, १० मिनिटांनीच १.५, २० ला ०.४.

काटा असा सरकतो की डोळ्याला दिसत नाही. मी मधे पाच मिनिटं कपडे वाळत घालून आलो तर तो वेगळ्याच आकड्यावर.

जुगाडू

बघा, म्हणजे प्रेशर जातंय. व्हॉल्व्ह टाका म्हणतोय ना.

पाना_दहा_अकरा

आता या व्हॉल्व्हचा निकाल लावूच. या गाडीत रिटर्न लाइन (रेलमधून टाकीत परत जाणारी नळी) नाही. दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर टाकीतल्या पंपाच्या युनिटमध्येच बसलेला असतो. गाडी बंद असताना रेल तापून दाब वाढला तर जास्तीचा दाब तोच रेग्युलेटर टाकीत सोडतो. तुम्ही त्याच्या आणि रेलच्या मधे वन-वे व्हॉल्व्ह ठोकलात की रेल कोंडली. तापलेल्या पेट्रोलला बाहेर पडायला वाट नाही, दाब ३.८ वर थांबत नाही, वर चढतो. इंजेक्टर चांगले असतील तर निभावतं. एखादा किंचित सैल असेल तर तो जास्त दाबाने जास्त गळेल. तुमच्याकडे पंपाचाच व्हॉल्व्ह गेला असेल, म्हणून चाललं. यांच्याकडे टाकला तर सकाळचा त्रास तसाच आणि दुपारचा दुप्पट.

जुगाडू

हं. हा विचार केला नव्हता. पण माझी दोन वर्षं चालतेय बरं का.

पाना_दहा_अकरा

चालू दे की. नळीच्या जोडांवर मधूनमधून नजर ठेवा म्हणजे झालं.

अर्धी_चावी, आता खरी परीक्षा. दाब जायला तीन वाटा: मागे टाकीत, बाहेर जमिनीवर, पुढे इंजिनात. बाहेरची वाट डोळ्याने आणि नाकाने कळते, ती नाही. राहिल्या दोन. मधे लाइन बंद करायची आणि काटा कुठल्या बाजूला पडतो ते बघायचं.

अर्धी_चावी

रेलकडे येणारी नळी पांढरट, कडक, नायलॉनची आहे. व्हाइस ग्रिपने दाबू?

पाना_दहा_अकरा

अजिबात नाही! दाबाल तिथे चिरेल. लगेच नाही चिरली तर महिनाभराने, रस्त्यावर, गरम इंजिनावर. क्लॅम्प फक्त रबरी नळीला, तोही गोल जबड्याचा. तुम्हाला कॉक असलेला अ‍ॅडॉप्टर लागेल, गेजच्या मोठ्या किटमध्ये येतो. कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागा.

ज्यांच्या गाडीत रिटर्न लाइन आहे त्यांच्यासाठी जाता जाता: तिथे रेग्युलेटर रेलवर असतो. येणारी नळी बंद केली आणि दाब टिकला तर पंपाची बाजू दोषी. तरी पडतोय आणि रिटर्न बंद केल्यावर टिकला तर रेग्युलेटर. दोन्ही बंद करूनही पडतोय तर इंजेक्टर. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची बारीक नळी ओढून बघा, आतून पेट्रोलचा ओलावा आला तर पडदा फाटलाय, पुढची परीक्षा करायचीही गरज नाही.

डिझेलवाला

मधे घुसतोय. माझी कॉमन रेल डिझेल आहे, रात्रभर उभी राहिली की १० सेकंद सेल. हीच परीक्षा चालेल का?

निळी_ठिणगी

नाही, तुमचं शास्त्र वेगळं. तिथे रेलमध्ये साधारण २०० बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनर लावून सेल मारताना रेल प्रेशर किती आणि किती वेळात चढतं ते बघा.

बऱ्याचदा दोष कमी दाबाच्या बाजूला असतो, डिझेल टाकीकडे परत जातं आणि लाइन एअर घेते. फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा लावा, बुडबुडे दिसतात का पाहा. अलीकडे फिल्टर बदलला असेल तर त्याची ओ-रिंग आधी बघा. एक सोपी खूण: टाकी मागे असेल तर एक रात्र गाडी तोंड उताराकडे करून लावा, एक रात्र चढाकडे. दोन सकाळी वेगळ्या वागल्या तर एअरच.

लाइन ठीक निघाली तर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून कुठली लवकर भरते ते बघायचं. आणि कृपा करून सेल मारताना हाय प्रेशरचा नट सैल करून "डिझेल येतंय का" बघू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांत ते करायचो आपण. कॉमन रेलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि ती जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने ऑपरेशनची असते.

डिझेलवाला

फिल्टर मागच्याच महिन्यात बदललाय. ओ-रिंग बघतो.

अर्धी_चावी

कॉकचा अ‍ॅडॉप्टर मिळाला. रविवार सत्कारणी.

पहिला प्रयोग, गेज रेलच्या बाजूला. दाब भरला, ३.८, कॉक बंद. म्हणजे टाकीचा संबंधच तोडला. २० मिनिटांनी १.३.

दुसरा, गेज टाकीच्या बाजूला. दाब भरला, ३.८, कॉक बंद. २० मिनिटांनी ३.७. चाळीस मिनिटं बसून राहिलो, ३.६.

म्हणजे नवा पंप निर्दोष. आणि बहुधा जुनाही होता.

निळी_ठिणगी

सुंदर! दोन्ही बाजूंनी सिद्ध केलंत, बरेच जण पहिल्या निकालावरच थांबतात.

आता कुठला इंजेक्टर ते. ओबीडीचा डोंगल (ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) असेल तर गरम इंजिनावर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय, ते वाचा, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमला. गळका इंजेक्टर आयडलला जास्त दिसतो, कारण तिथे एकूण पेट्रोलच कमी लागतं आणि गळती त्यात मोठी ठरते. पंपाचा व्हॉल्व्ह नुसता मागे गळत असता तर चालू गाडीत ट्रिमवर काही दिसलं नसतं.

अर्धी_चावी

आयडलला लाँग टर्म उणे ८, शॉर्ट टर्म उणे २-३ च्या आसपास नाचतो. २५०० ला दोन्ही मिळून उणे १.

प्लगही काढले. १, २, ४ फिकट तपकिरी. ३ नंबर काळा, मखमलीसारखी काजळी, बोटाला लागते. पाच हजार किमीसुद्धा झाले नाहीत या प्लगना! मागच्या वेळी प्लग बदलले तेव्हा जुने कुणी बघितलेच नाहीत, सरळ डब्यात.

पाना_दहा_अकरा

जुन्या प्लगनी तेव्हाच सांगितलं असतं. असो.

आता डोळ्याने बघा आणि मगच इंजेक्टर आणा. इंजिन थंड. इग्निशन कॉइलचे आणि चारही इंजेक्टरचे कनेक्टर काढा. रेल इंजेक्टरसकट वर उचला, क्लिप निसटू देऊ नका, नाहीतर दाबाने इंजेक्टर उडेल. खाली चार छोट्या काचेच्या बाटल्या. चावी ऑन करून दाब भरा, सेल मारायचा नाही. मग टॉर्च मारून टोकं बघत बसा. घाई करायची नाही.

अर्धी_चावी

बघितलं. आणि खरं सांगतो, तीन महिन्यांचा राग उतरला.

पहिला, दुसरा, चौथा कोरडे ठणठणीत. तिसऱ्याचं टोक आधी नुसतं चमकायला लागलं. मला वाटलं टॉर्चचा उजेड. मग कडेला फुगवटा आला, तो मधोमध सरकला, लोंबला आणि टप. चाळीस सेकंदांनी दुसरा. दाब उतरत गेला तसं अंतर वाढत गेलं. वीस मिनिटांत बाटलीच्या तळाला नखाएवढं पेट्रोल. ठिणगीताईंचा १ मिली तो हाच.

अल्ट्रासॉनिकने साफ करून घ्यावा की बदलावा?

गंजलेला_बोल्ट

बदलायचे तर चारही. एक नवा आणि तीन जुने म्हणजे फवारा वेगळा होणार.

निळी_ठिणगी

तत्त्व म्हणून बरोबर, पण उरलेल्या तिघांचा प्रवाह मोजून सारखा असेल तर एक बदलून चालतं. पार्ट नंबर तंतोतंत तोच हवा. साफसफाईने जाळी आणि टोकाची घाण निघते, बसायची जागाच झिजली असेल तर नाही. आधी साफ करून पुन्हा बाटलीवर लावा, तेच सांगेल.

पाना_दहा_अकरा

ओ-रिंग मात्र वरच्या-खालच्या सगळ्या नव्या. बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा, कोरडी ढकललीत तर कापली जाते आणि मग नवा धागा काढाल.

आणि डिपस्टिक काढून वास घ्या.

अर्धी_चावी

डिपस्टिक: लेव्हल मॅक्सच्या वर! मी तर खूश होतो, माझी गाडी ऑइल खात नाही म्हणून. वास चक्क पेट्रोलचा.

पाना_दहा_अकरा

ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग चालवू नका, इंजेक्टर लागल्यावर लगेच फिल्टरसकट.

अर्धी_चावी

अपडेट. साफ केल्यावर तिसरा थेंब सोडायला चार मिनिटं घेऊ लागला, पण सोडलाच. प्रवाहाच्या चाचणीत बाकी तिघे सारखे निघाले, म्हणून एकच नवा टाकला. ओ-रिंग सगळ्या नव्या, ऑइल आणि फिल्टर नवे.

थंड: ३.८, २० मिनिटांनी ३.६, तासाने ३.१. गरम असताना अर्ध्या तासाने थेट सेल मारला, एक सेकंदसुद्धा नाही. आयडलला ट्रिम उणे २.

एक शंका. रात्रभर गेज लावून ठेवला होता, सकाळी ०.९. हे कमी नाही का?

पाना_दहा_अकरा

सकाळी चालू व्हायला किती वेळ लागला?

अर्धी_चावी

लगेच झाली.

पाना_दहा_अकरा

मग गेज काढून ठेवा. रात्री पेट्रोल थंड होऊन आकसतं, बंद लाइनमध्ये दाब उतरतोच. कित्येक चांगल्या गाड्या सकाळी शून्यावर असतात आणि चावी फिरवल्यावरच्या दोन सेकंदांत पंप भरून काढतो. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात टिकतो का, ते महत्त्वाचं.

डिझेलवाला

माझी फिल्टरची ओ-रिंग पिळून बसली होती. नवी टाकली, चालू. धन्यवाद ताई.

जुगाडू

अर्धी_चावी, जुना पंप टाकून दिला का? व्हॉल्व्ह खरंच चांगला होता की नाही बघायला हवं होतं.

अर्धी_चावी

मागून घेतला होता, डबा बंद करून गच्चीवर ठेवलाय. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता जाऊन आलो. आठवडाभर वाळलाय, पेट्रोलचा वास नाही. आउटलेटला नळी घालून सायकलचा पंप लावला आणि दट्ट्या खाली दाबून धरला. पाच मिनिटं झाली, हात दुखायला लागला, दट्ट्या जागचा हलला नाही.